नांगर घेऊन अनोळखी बांधावर : लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

मुरबाड, शहापूर, अंबरनाथकडची भेंडी, काकडी, कारली पहाटेच टेम्पोत चढते आणि कल्याणच्या बाजार समितीत उतरते. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. निघेल तो भाव घ्यायचा, हातात पट्टी घ्यायची आणि उजाडायच्या आत माघारी फिरायचं. त्याच वेळी तिथून थोड्याच अंतरावर डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतली कॅन्टीनं, ठाण्यातल्या खानावळी, हॉटेलं आणि लग्नाची कंत्राटं घेणारे केटरर रोजची भाजी आणि तांदूळ कुणाकडून तरी विकत घेतच असतात. मध्ये अंतर आहे ते किलोमीटरचं नाही, ओळखीचं आहे.

२०१६ साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यावरचं बंधन काढलं. म्हणजे थेट विकायला कायद्याची आडकाठी उरली नाही. तरीही आपल्यातले किती जण अशा एखाद्या गिऱ्हाईकाच्या दारात गेले? बोलावणं नाही, ओळख नाही, नुसतं जाऊन उभं राहायचं कसं, हा विचार पायात येतो. शेतकऱ्याने विकायला दारोदार फिरणं म्हणजे कमीपणा, असंही मनात कुठंतरी असतं. नाही ऐकून घेण्याची सवय आपल्याला नसते.

शेतकरी मित्रांनो, आज ज्यांच्या नावाचा पंप आणि इंजिन महाराष्ट्रातल्या विहिरीविहिरीवर पोचलं, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं नेमकं हेच केलं. बोलावणं नसताना ते लोकांच्या बांधावर गेले. लोकांनी त्यांना नाही म्हटलं. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजही आपल्या कामाची आहे.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या खेड्यात झाला. घरात कारखानदारीचा किंवा व्यापाराचा वारसा नव्हता. शाळेतल्या पुस्तकांपेक्षा चित्रं काढण्यात आणि यंत्रं उघडून पाहण्यात मुलाचं मन रमायचं. १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला गेले आणि जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकू लागले. थोड्याच काळात त्यांना कळलं, की आपल्याला काही रंगांमधला फरक नीट ओळखू येत नाही. चित्रकाराला याहून मोठा अडसर कुठला? मग त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रं काढण्याचं शिक्षण घेतलं. त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी लागली.

तिथं त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे कारखाना. शिकवून झालं, की मोकळ्या वेळात ते यंत्रांवर स्वतः हात चालवत. दुसरी म्हणजे परदेशातून टपालाने येणारी यांत्रिक मासिकं आणि मालाच्या सचित्र याद्या. अमेरिकेतला कारखानदार समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाला छापील कागदातून आपल्या यंत्राची ओळख करून देतो, चित्र दाखवतो, सुट्या भागांना नंबर देतो, किंमत सांगतो आणि पत्ता देतो, हे त्यांनी पाहिलं. माल विकणारा माणूस समोर नसला तरी त्याचा कागद बोलू शकतो. आपल्याकडे ही कल्पना तेव्हा फारशी रुजलेली नव्हती.

सायकलीपासून सुरुवात

त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणरावांनी स्वतः एक घेतली आणि शिकले. मग मुंबईतून सायकली बेळगावला पाठवायच्या आणि थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांनी त्या तिथं विकायच्या, असा धंदा दोघा भावांनी सुरू केला. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालापासून धरतात तो इथून. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये पडे, आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे घेत, असं सांगतात.

हे शिकवणं महत्त्वाचं आहे. ज्या माणसाने सायकल कधी पाहिलेली नाही, त्याला तिची किंमत सांगून काय उपयोग? आधी त्याला तिच्यावर बसवावं लागतं. वस्तू विकण्याआधी ती वापरायला शिकवायची, ही रीत किर्लोस्करांनी सायकलीवर गिरवली आणि पुढे नांगरावर, पंपावर तीच चालवली.

मुंबईची नोकरी मात्र फार टिकली नाही. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. मग लक्ष्मणरावांनी १८९७ साली राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. तिथल्या ज्या रस्त्यावर किर्लोस्कर बंधूंचं दुकान होतं, तो आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

सायकलीवर पोट भरत होतं, पण लक्ष्मणरावांचं मन शेतीच्या अवजारांकडे ओढत होतं. अमेरिकन पवनचक्क्या आणून विकण्याचाही प्रयत्न त्यांनी केला. मग बेळगावजवळ ठळकवाडीला छोटी शेड घालून स्वतःचं उत्पादन सुरू केलं. पहिली वस्तू होती कडबा कापण्याचं यंत्र. जनावरापुढे अख्खा कडबा टाकला तर पानं खाल्ली जातात आणि दांडे पायाखाली जातात. तोच बारीक कापून टाकला तर वाया जात नाही. दुष्काळी मुलखात ही बचत डोळ्यांना दिसणारी होती, त्यामुळे यंत्राचा फायदा सांगायला फार बोलावं लागत नव्हतं.

लोखंडाने जमीन विषारी होते!

खरी परीक्षा झाली ती नांगराच्या वेळी. १९०३ च्या सुमाराला लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. विलायती नांगर तेव्हा बाजारात येत होते, पण ते महाग आणि दुरुस्तीला परके. आपल्या बैलांना ओढवेल, आपल्या जमिनीत चालेल आणि मोडला तर सुटा भाग इथंच मिळेल, असा नांगर त्यांना हवा होता.

नांगर तयार झाला, पण घेणारा कुणी मिळेना. शेतकऱ्यांमध्ये एक समजूत पक्की होती, की लोखंड मातीत फिरलं तर जमीन विषारी होते आणि पीक जळतं. पिढ्यान् पिढ्या बाभळीचा नांगर चाललेला. वडिलांच्या आजोबांना जे पुरलं, ते आपल्याला का पुरू नये? शिवाय सुताराला बलुतं देऊन नांगर मिळत होता, त्याला रोख पैसा लागत नव्हता. इथं रोख मोजायचा, तोही अशा वस्तूसाठी जिने वावर नासेल अशी भीती. तयार नांगर शेडमध्ये पडून राहिले. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षं गेली.

आपण क्षणभर त्या जागी उभं राहून पाहू. भांडवल अडकलेलं आहे, कामगारांचा पगार द्यायचा आहे, आणि ज्याच्यासाठी वस्तू केली तोच पाठ फिरवतो आहे. अशा वेळी माणूस गिऱ्हाईकाला अडाणी ठरवून मोकळा होतो. लक्ष्मणरावांनी तसं केलं नाही. शेतकरी दुकानात येत नाही, तर नांगर शेतात न्यायचा, असं त्यांनी ठरवलं. गावोगाव जाऊन, शेतात नांगर धरून दाखवायचा. प्रदर्शनं भरतील तिथं मांडायचा. ओळख नसलेल्या गावात जायचं, चार प्रतिष्ठित माणसं गाठायची आणि एक पट्टा नांगरून दाखवायची परवानगी मागायची.

यातली युक्ती साधी आहे. शेतकऱ्याला वादात हरवता येत नाही, आणि हरवलं तरी तो विकत घेत नाही. पण हरळी आणि कुंदा मुळासकट उपटून वर आलेला त्याने डोळ्यांनी पाहिला, की गोष्ट वेगळी होते. लाकडी नांगर जमीन चिरतो. लोखंडी नांगर माती उचलून पालथी घालतो आणि खोलवरच्या मुळ्या उन्हात टाकतो. हरळीने खाल्लेलं वावर मोकळं होणं म्हणजे काय, हे दख्खनच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नव्हतं. पुढच्या हंगामात त्या पट्ट्यातलं पीक जळलं नाही, की विषाची भीतीही आपोआप सरे. मात्र त्यासाठी विकणाऱ्याला एक हंगाम थांबायची तयारी ठेवावी लागते.

नकारात दडलेली माहिती

अनोळखी माणसाच्या दारात गेलं, की बहुतेक वेळा नकार मिळतो. शंभरांत नव्वद वेळा मिळतो म्हटलं तरी चालेल. प्रश्न असा, की त्या नकाराचं करायचं काय?

नकारात माहिती असते. नांगर बैलांना जड जातो, असं शेतकरी म्हणाला तर ती वजनाविषयीची सूचना असते. फाळ लवकर झिजतो म्हणाला, तर ओतकामात कुठंतरी कमी पडतं आहे. ओतीव लोखंडाचा फाळ नरम राहिला तर मुरमाड रानात तो टिकत नाही, त्याची धार कडक यावी लागते. मोडला तर तालुक्याला कोण जाणार, असं विचारलं तर सुटे भाग जवळच्या पेठेत ठेवायला हवेत. दुकानात बसून राहणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. बांधावर गेलेल्या माणसाला ते फुकट कळतं. लोखंडी नांगराचा फाळ वेगळा, बदलता येणारा असतो. तो झिजला, की शेतकरी पुन्हा त्याच दुकानात येतो. म्हणजे एकदा झालेली ओळख दरवर्षी ताजी होत राहते.

पुढे किर्लोस्करांनी ठिकठिकाणी एजंट नेमले, मालाच्या सचित्र याद्या छापल्या, पत्रव्यवहार वाढवला. त्या काळी पाव आण्यात पोस्टकार्ड जात असे. पैसे टपालात भरून माल सोडवून घेण्याची व्ही. पी. ची सोय १८७७ पासून होती. रेल्वेने पार्सल जात असे. म्हणजे दूरच्या खेड्यातल्या माणसाला पत्राने गाठायचं आणि रेल्वेने माल पोचवायचा, ही वाट तयार होती. ती सगळ्यांनाच खुली होती, पण तिच्यावरून जायचं ठरवणारे थोडे होते.

छप्पर गेलं तेव्हा

ठळकवाडीची जागा बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी होती. कारखाना हलवा, असा हुकूम आला. नुकतं कुठं नांगराचं चाक फिरू लागलं होतं आणि पायाखालची जमीनच गेली.

त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात बांधकामाच्या कामावर होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे कलेची जाण असलेले गृहस्थ. त्यांनी या माणसाचं काम जवळून पाहिलं होतं. अडचण कळली तेव्हा त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितलं आणि पैसाही कर्जाऊ दिला.

आता कुणी म्हणेल, की किर्लोस्करांना राजा भेटला, आपल्याला कोण भेटणार? हा प्रश्न रास्त आहे. राजाश्रय नसता तर किर्लोस्करवाडी झाली नसती, हे मान्यच करायला हवं. शिक्षण, मुंबईचा अनुभव आणि पाठीशी उभा राहणारा भाऊ हेही प्रत्येकाला मिळत नाही. पण राजा भेटला तो कधी? पहिली सायकल विकल्याला वीस वर्षं उलटून गेल्यावर. नांगर पडून राहिल्यावर, ते दारोदार नेल्यावर, आणि हातातलं बांधकाम चोख करून दाखवल्यावर. शिफारसपत्र मागून मिळत नाही. आधीच्या गिऱ्हाईकाचं काम नीट केलं, की ते काम पुढच्या दारात आपल्याविषयी बोलतं.

लक्ष्मणरावांनी जागा निवडली ती पुणे-मिरज रेल्वेवरच्या कुंडल रोड स्टेशनाजवळ. माळरान होतं ते. निवडुंग, दगड आणि साप. जवळ ना पेठ ना मोठं गाव. पण रेल्वे होती. कच्चा माल उतरणार कुठं आणि नांगर चढणार कुठं, याचा विचार आधी झाला होता. १० मार्च १९१० रोजी पंचविसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव तिथं उतरले. रामूअण्णांनी वस्तीचा कारभार पाहिला, शंभूअण्णा जांभेकरांनी यंत्रं सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब धरला. पुढे त्या स्टेशनाचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. आज ते सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे.

तोफांचे नांगर

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि परदेशी नांगरांची आयात आटली. किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली, पण कच्चं लोखंड मिळेना. इतकी वर्षं गिऱ्हाईक नव्हतं, आता गिऱ्हाईक होतं आणि माल करता येत नव्हता.

तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफांची आठवण झाली. शाहू महाराजांनी त्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. लढाईसाठी ओतलेलं लोखंड शेतकऱ्याच्या वावरात फिरू लागलं. ज्या काळात लोखंडासाठी जगभर मारामारी चालली होती, त्या काळात वाडीने आपल्या गिऱ्हाईकांना तोंडघशी पाडलं नाही. दारात जाऊन मिळवलेलं गिऱ्हाईक टिकतं ते इथं, अडचणीच्या वर्षी माल पोचवला तर. पहिल्या भेटीला बोलणं पुरतं, दुसऱ्या भेटीला माल लागतो.

खबर घरोघर

१९२० हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचं. त्या साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. आणि त्याच साली वाडीतून किर्लोस्कर खबर नावाचं छोटं पत्रक निघू लागलं. ते चालवायचे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर. शंकरराव चित्रकला शिकलेले. लाहोरला पंडित सातवळेकरांकडे त्यांनी धडे घेतले होते. कारखान्याच्या जाहिराती आणि विक्रीचं काम त्यांच्याकडे आलं.

खबरचा मूळ हेतू कारखान्याचा माल आणि कारखान्याच्या बातम्या एजंट आणि गिऱ्हाईकांपर्यंत नेण्याचा. म्हणजे ओळखपत्रच ते, फक्त दरमहा येणारं. पण शंकररावांच्या एक गोष्ट लक्षात आली. नुसता आपल्या मालाचा कागद माणूस एकदा वाचतो आणि टाकून देतो. त्यात वाचणाऱ्याच्या उपयोगाचं काही असेल तर तो जपून ठेवतो, शेजाऱ्याला देतो आणि पुढच्या अंकाची वाट पाहतो. म्हणून खबरीत शेती, धंदा, नवे विचार, माणसांच्या धडपडीच्या कहाण्या येऊ लागल्या. कारखान्याचं पत्रक वाढत वाढत किर्लोस्कर हे मासिक झालं. १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर ही भावंडं निघाली. मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्या या मासिकांवर वाढल्या. नांगराचं गिऱ्हाईक शोधायला निघालेल्या कागदाने महाराष्ट्राला वाचायची गोडी लावली, असा प्रकार दुसरीकडे सहसा सापडणार नाही.

वाडीतही एक एक वस्तू वाढत गेली. उसाचे चरक, भुईमूग फोडणीची यंत्रं आणि १९२६ च्या सुमाराला पाणी उपसणारे पंप. पुढच्या पिढीने, त्यातही चिरंजीव शंतनुराव यांनी, कारभार विस्तारला. १९४१ साली हरिहरला यंत्रांचा कारखाना, १९४६ साली पुण्याला ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटरींचा. मधल्या काळात, १९३५ साली, लक्ष्मणराव औंधचे दिवाणही झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्याला त्यांचं निधन झालं. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. टपालाच्या आधाराने खेड्यापाड्यांत पोचलेल्या माणसाला टपाल खात्याने दिलेला हा मान शोभून दिसतो.

आपल्या तालुक्यात यातून काय घ्यायचं?

आपला ठाणे जिल्हा भाताचा. इथल्या चिखलणीला दख्खनचा जड नांगर लागत नाही. पण उल्हास, काळू, भातसा या नद्यांच्या काठी उन्हाळी भाजीपाला उभा राहिला तो पंपांच्या जिवावर. शिवाय गावातल्या तरुणांनी डोंबिवली, अंबरनाथ, भिवंडीकडे छोटे वर्कशॉप टाकले आहेत. लेथ आहे, हात आहे, पण काम देणारा एकच कारखाना. त्याने हात आखडला, की लेथ बंद. भाजीवाल्याला एकच अडत्या आणि वर्कशॉपवाल्याला एकच कारखाना, दोघांचं दुखणं सारखंच. दुसरं गिऱ्हाईक हवं, आणि ते आपणहून चालत येत नाही.

लक्ष्मणरावांच्या आयुष्यातून चार गोष्टी उचलता येतील.

पहिली, आधी कागद. एक पान पुरे. आपण कोण, गाव कुठलं, काय पिकवतो किंवा काय बनवतो, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, रोज किती देऊ शकतो, किती वाजता पोचवू, फोन नंबर. भाव लगेच लिहिलाच पाहिजे असं नाही. पत्र कुणाच्या तरी नावे असावं. कॅन्टीन चालवणाऱ्याचं, खरेदी पाहणाऱ्याचं नाव गेटवर विचारलं तर कळतं. नाव नसलेलं पत्र कचऱ्यात जातं. लोणचं, पापड, मसाला असं काही बनवून विकणाऱ्या बचत गटांनी अन्न सुरक्षा कायद्याखालचा नोंदणी क्रमांक पत्रातच घालावा. हॉटेलवाला आधी तोच विचारतो.

दुसरी, मग पाय. अनोळखी नंबरावरून येणाऱ्या विक्रीच्या फोनांना लोक इतके कंटाळले, की ट्रायला २०१० साली आणि पुन्हा २०१८ साली त्यावर नियम करावे लागले. १९०९ या क्रमांकावर नोंद करून असे फोन बंद करता येतात. त्यामुळे नुसता फोन करून माल खपेल, ही आशा धरू नये. फोन करायचा तो पत्र पोचलं का हे विचारायला आणि भेटीची वेळ मागायला. भेटीलाही भर जेवणाच्या वेळी जाऊ नये. दुपारी तीन-चारच्या सुमाराला स्वयंपाकघर निवांत असतं.

तिसरी, हातात नमुना. नांगराचा एक पट्टा, तशी भाजीची एक क्रेट. वर्कशॉपवाल्याने एक जॉब करून न्यावा. आपण चांगले आहोत हे सांगत बसण्यापेक्षा वस्तू समोर ठेवावी आणि गप्प राहावं. नाही म्हटलं तर कशासाठी नाही, ते नम्रपणे विचारावं आणि घरी येऊन वहीत लिहून ठेवावं. दहा दारांतले दहा नकार एका वहीत आले, की त्यात आपल्याला काय सुधारायचं ते दिसतं. कुणाला भेंडी एका मापाची हवी असते, कुणाला सकाळी सहाच्या आत हवी असते, कुणाला महिन्याने पैसे द्यायचे असतात. ही शेवटची अट आपल्याला झेपते का, हे हो म्हणण्याआधी घरात बसून ठरवावं. उधारीवर बुडालेला धंदा ओळख वाढवून सावरत नाही.

चौथी आणि सगळ्यांत अवघड, शब्द पाळणं. कॅन्टीनला रोज चाळीस किलो कबूल केले आणि बाजारात भाव चढला म्हणून चार दिवस तिकडे माल वळवला, की ते दार कायमचं बंद झालं म्हणून समजा. एकट्याला रोजचा पुरवठा जमत नसेल तर पाच-सात जणांनी किंवा गटाने मिळून घ्यावा. वाडीतही एकट्या लक्ष्मणरावांनी सगळं केलं नाही. हिशेब ठेवणारा वेगळा, यंत्र सांभाळणारा वेगळा, पत्र लिहिणारा वेगळा होता.

बाजार समिती सोडून द्या, असं इथं कुणी म्हणत नाही. सगळा माल थेट खपणार नाही, आणि जास्तीचा माल न्यायला आवार लागणारच. पण दहा क्रेटांपैकी दोन क्रेटांना जरी ठरलेलं गिऱ्हाईक आणि ठरलेला भाव असला, तरी उरलेल्या आठांसाठी अडत्याशी बोलताना आवाजात फरक पडतो.

पहिले नांगर खपेपर्यंत दोन वर्षं गेली, हे लक्षात ठेवावं. आपली भेंडी कुणी विषारी म्हणणार नाही. फार तर आज नको म्हणतील. तेव्हा हंगाम सुरू होण्याआधी दहा पत्रं लिहावीत आणि दहा दारांत जाऊन यावं.